घरीही ते तसेच होते

टचिंगमास्तरांनी जन्मभर एकच काम केलं. मेलेल्या माणसांना जरा बरं दिसायला लावायचं. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल, त्यावर मान वाकवलेला दिवा, एक भिंग आणि तऱ्हेतऱ्हेचे ब्रश. पुढे कॉम्प्युटर आला, ब्रश डब्यात गेले, पण काम तेच राहिलं. घरातलं माणूस जातं आणि मग लोकांच्या लक्षात येतं, की भिंतीवर लावायला त्याचा एक धड फोटो नाही. मग शोधाशोध. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात कोपऱ्यात उभे असलेले मामा सापडतात. डोळे अर्धे मिटलेले, तोंडात घास, खांद्यावर भलत्याचाच हात. तेवढं घेऊन लोक यायचे आणि म्हणायचे, "यातले एवढे मोठे करून द्या." मास्तर डोळे उघडायचे, घास काढायचे, अंगात कोट चढवायचे, खांद्यावरचा हात गायब करायचे, आणि कोटाची शिवण अशी जुळवायचे की तिथे कधी कुणाचा हात होता हे सांगूनही पटू नये.

आणि न सांगितलेलंही काढायचे. गालावरचा मस, कपाळावरची खोक, दारूनं सुजलेल्या पापण्या. दुःखात असलेलं माणूस काउंटरवर उभं राहून कसं म्हणणार, की आमच्या अण्णांच्या पापण्या जरा उतरवा? मास्तर आपणहून समजून घ्यायचे. "विचारायचं कशाला," ते म्हणायचे, "विचारलं की माणूस ओशाळतं. आपणच काढून टाकावं, म्हणजे त्यालाही सुटल्यासारखं होतं." लोक फोटो बघून डोळे पुसायचे, मास्तरांचा हात हातात घ्यायचे. स्टुडिओचा मालक सगळ्यांना सांगायचा, आमच्या मास्तरांच्या हाताखालून गेला की कुणीही देवमाणूस होतो. मास्तरांना याचा फार अभिमान होता. असू दे की! हातात कला असलेल्या माणसाला अभिमान नको, तर काय रोज उठून लाज हवी? लाज पुढे यायचीच होती, आणि आली ती अशी आली की विचारू नका.

झालं असं, की फोन आले आणि फोनवरच फोटो गुळगुळीत व्हायला लागले. मास्तर मागच्या खोलीत माशा मारत बसू लागले. वेळ जाईना म्हणून बाहेरगावी राहणाऱ्या लेकीला लांबच लांब निरोप लिहू लागले: आज कोण आलं, कुणाचा फोटो आणला, ते माणूस कसं होतं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही लिहिता छान. एखादा ऑनलाइन कोर्स करा ना लेखनाचा." आणि ते हो-नाही म्हणायच्या आत तिनं नाव घातलंही. घातलं ते स्वतःच्या खात्यावरून. त्यामुळे पहिल्या रविवारी सकाळी मास्तर गुळगुळीत दाढी करून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा अशा थाटात पडद्यासमोर बसले, तेव्हा त्यांच्या चौकटीखाली लेकीचं नाव झळकत होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, तुमचा कॅमेरा चालू करता का?" मास्तरांनी कसाबसा कॅमेरा चालू केला आणि म्हणाले, "मी ताई नाही हो, मी ताईचा बाप." सगळा वर्ग खो खो हसला. तिथून मास्तर सगळ्यांचे काका झाले.

काकांनी कोर्स मनावर घेतला. रविवारी वर्ग, बुधवारपर्यंत गृहपाठ, आणि काकांचा गृहपाठ मंगळवारीच तयार. बाईंना तो आवडायचाही. एकदा त्या म्हणाल्या, "काका, तुमचं लिहिणं किती स्वच्छ असतं! कुठे म्हणून डाग नाही." झालं, मास्तर हवेत. वर्ग संपताच उठून बायकोला सांगितलं. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांची नावं, वयं आणि तक्रारी लिहून घ्यायची. त्यामुळे कुणी फार गोड बोललं की तिला आधी ताप बघावासा वाटायचा. ती म्हणाली, "स्वच्छ म्हणजे चांगलं असं म्हणाल्या का त्या? की नुसतंच स्वच्छ म्हणाल्या?"

"तुला कौतुक करताच येत नाही," मास्तर म्हणाले.

"करते ना. पण आधी विचारून घेते."

वर्गात जोड्या पाडल्या होत्या. एकमेकांचं लिखाण वाचायचं, सूचना द्यायच्या. मास्तरांच्या जोडीला आली ती गाडीवाली ताई. तिची गाडी चालवायला शिकवायची शाळा होती, आणि नवशिक्यांच्या शेजारी बसून "ब्रेक! ब्रेक!" असं ओरडून ओरडून तिचा आवाज कायमचा बसलेला. रविवारच्या वर्गालाही ती रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीतूनच यायची, सीटचा पट्टा लावून. तिची वाक्यं आखूड असायची, बोलण्यातली आणि लिहिण्यातलीही. मास्तरांना तिच्या लिखाणावर सारखा रंधा मारायला हवा असं वाटायचं. पण दोघांचं जमायचं. ती त्यांना काका म्हणायची, ते तिला ताई.

शेवटचा पाठ होता घरातल्या एका माणसावर. शेवटच्या रविवारी सगळ्यांनी घरच्यांना, नातेवाइकांना ऐकायला बोलवायचं, आणि गंमत अशी की आपलं आपण वाचायचं नाही, जोडीतल्या दुसऱ्यानं वाचायचं. आपले शब्द परक्या तोंडून कसे लागतात ते कळावं म्हणून. बाईंनी बजावून सांगितलं, "आवाज तुमचा, पण शब्द त्यांचेच. सूचना द्या, भांडा, काय वाटेल ते करा. मजकुराला हात लावू नका." मास्तरांनी मान डोलावली. ती डोलणारी मान सगळ्यांच्या पडद्यावर दिसत होती, त्यामुळे मी ऐकलंच नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

ताईनं वडिलांवर लिहिलं. वडील पोहायला शिकवायचे. गावातली अर्धी पोरं त्यांच्या हाताखाली पाण्यात पडली आणि वर आली. भित्र्या पोराच्या पाठीखाली ते नुसता तळहात धरायचे आणि कधी काढून घ्यायचे ते पोराला कळायचंही नाही. ते गेले तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तरांनी वाचलं आणि त्यांना भरून आलं. असा बाप आणि असं लिखाण! ते तालीम करू लागले. दुपारी स्टुडिओ बंद असला की मागच्या खोलीत मोठ्यानं वाचायचे, आणि पुढच्या खोलीत डबा खाता खाता मालक ओरडायचा, "मास्तर, त्या बाबांना आता पाण्याबाहेर काढा!"

शेवटच्या रविवारच्या आधी ताईनं नवीन प्रत पाठवली. सोबत निरोप होता. "काका, मध्ये थोडं नवीन घातलंय. बाईंनाही दाखवलेलं नाही. माझी धाकटी बहीण ऐकायला येणार आहे. आहे तसं वाचा."

मास्तरांनी प्रत उघडली. "पाण्यात बाबांचा आवाज कधी चढला नाही," या वाक्यापर्यंत सगळं ओळखीचं होतं. त्यापुढे हे होतं: "घरी बाबा धाकटीला पट्ट्यानं मारायचे. मला कधी मारलं नाही. मी दारात उभी असायचे, मी बघितलंय."

मास्तर दचकले. पहिल्यांदा त्यांना राग आला. अहो, गेलेलं माणूस, ते काय आता उठून उत्तर देणार आहे? मग त्यांनी ताईच्या बाजूनं विचार केला. रागाच्या भरात लिहून गेली असेल, वाचल्यावर पस्तावेल. मग धाकटीच्या बाजूनं. बिचारी पाहुणी म्हणून येणार, आणि पंचवीस-तीस अनोळखी तोंडांसमोर हे वाचायचं? तिनं तोंड कुठे लपवायचं? सगळ्यांच्या बाजूनं विचार करून झाला. ताईला एक फोन करावा एवढंच तेवढं सुचलं नाही. म्हणजे सुचलं, पण विचारलं की माणूस ओशाळतं ना! त्यांनी ती वाक्यं काढून टाकली.

इथेच थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण वाक्यं काढल्यावर तिथे खड्डा दिसायला लागला. बाबा पाण्यातून एकदम पुढच्या परिच्छेदातल्या गावच्या शाळेत पोचत होते. कारागिराला जोड दिसलेला खपत नाही. मास्तरांनी डोकं खाजवलं, दोन-तीन तऱ्हा करून बघितल्या, आणि त्या जागी स्वतःचं एक वाक्य बसवलं: "घरीही ते तसेच होते." मोठ्यानं वाचून पाहिलं. कुठे अडखळायला होत नव्हतं. मास्तर खूश झाले आणि चहा प्यायला गेले.

रविवारी पडदा माणसांनी भरून गेला. मास्तरांची लेक होती, बायकोही मागे पलंगाच्या कडेला टेकून ऐकत होती. ताईची धाकटी अगदी वरच्या ओळीत. चाळिशीची, केस आखूड, मागे पांढरी भिंत, हनुवटी मुठीवर टेकवलेली. वर्ग सुरू झाल्यापासून हललीही नव्हती. मास्तरांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. काय वाचलं त्यांनी! आवाज कुठे उचलायचा, कुठे सोडायचा, सगळं बसवलेलं. "पाण्यात बाबांचा आवाज कधी चढला नाही," आणि मग किंचित थांबून, मऊ आवाजात, "घरीही ते तसेच होते."

धाकटीची चौकट काळी झाली. मास्तरांच्या नजरेला ते पडलं, त्यांना वाटलं इंटरनेट गेलं असेल. ते पुढे वाचत राहिले. संपल्यावर टाळ्याच टाळ्या. कुणीतरी डोळे पुसत होतं. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही त्या माणसाला आमच्यासमोर उभं केलंत." ताईच्या चौकटीत ताई नुसती बसली होती. तिचा माइक चालू झाल्याची खूण दिसली, तोंड उघडल्यासारखं दिसलं, पण टाळ्या थांबत नव्हत्या. मग ती खूण गेली आणि ताईही गेली. मास्तर नंतर लेकीला फोनवर म्हणाले, "भरून आलं असेल गं तिला."

दुपारी ताईचा फोन आला. मास्तर कौतुक ऐकायच्या तयारीनंच बसले होते, बायकोलाही ऐकू जावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"काका, ती वाक्यं कुठे गेली?"

"अगं, ती काढली मी. म्हटलं, गेलेल्या माणसाबद्दल कशाला. तुलाच नंतर बरं वाटेल. आणि तुझी बहीण होती, चारचौघांत तिलाही..."

"आणि ते घरीही तसेच होते? ते कुणाचं?"

"ते जोडायला."

ताई गाडीतच असावी, बाहेरून हॉर्न ऐकू येत होते. मग ती बोलली, ओरडली नाही, नेहमीच्याच बसलेल्या आवाजात बोलली. "काका, धाकटी लहानपणापासून सांगत आली. आईनं तिला खोटारडी ठरवलं. मामा, आत्या, शेजारी, सगळ्यांनी. अख्खं गाव म्हणायचं, ते सर? शक्यच नाही. बाबा गेल्यावर ती आलीही नाही, तेव्हा लोकांनी तिलाच नावं ठेवली. बघितलेलं असं घरात एकच माणूस होतं, ती मी. हे मी तिला कधी तोंडानं सांगू शकले नाही. फोनवर विषय निघाला की माझं तोंडच उघडत नाही. म्हणून हा कोर्स केला. म्हणून ते लिहिलं, आणि हाता-पाया पडून तिला बोलावलं. म्हटलं, ये, ऐक. आणि तिनं काय ऐकलं?"

मास्तरांनी फोन टेबलावर ठेवला.

"निरोप आलाय तिचा. वाचू? 'छान लिहिलंस. तूही शेवटी त्यांच्यातलीच.' आता फोन उचलत नाही."

"मी सांगतो तिला. माझा नंबर दे. मी तिच्या पाया पडतो."

"तुम्ही आता काहीही करू नका," ताई म्हणाली. "कृपा करा आणि कशालाही हात लावू नका." फोन बंद झाला.

मास्तरांनी बायकोकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती. त्यांना वाटलं, ती आता बोलेल, चांगली हजेरी घेईल, म्हणजे जरा हलकं होईल. पण ती नुसती उठली, स्पीकर बंद केला आणि म्हणाली, "विचारायला काय झालं होतं हो तुम्हाला?" आणि आत गेली. तेवढ्यानं मास्तर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. स्टुडिओत जायचे, खुर्चीत बसायचे. एखादा फोटो आला की पडद्यावर मोठा करायचे आणि नुसते बघत राहायचे. आणि मग नको ते आठवायला लागलं. एक बाई आली होती पूर्वी, आईचा फोटो घेऊन. आईच्या कानशिलावर भाजल्याचा व्रण होता. मास्तरांनी तो असा काढला होता, की भिंग लावूनही सापडू नये. बाईनं फोटो हातात घेतला, खूप वेळ बघितला आणि म्हणाली, "तो कसा झाला होता, ते माहीत आहे का तुम्हाला?" मास्तरांना वाटलं होतं, तिला गहिवरून आलंय. त्यांनी हसून सांगितलं होतं, "आता काही दिसायचं नाही." ती बाई फोटो पिशवीत घालून निघून गेली. त्या बाईचा चेहरा आता त्यांच्या समोरून हलेना. अशा किती जणी येऊन गेल्या असतील, याचा अंदाज घ्यायलाही त्यांचा जीव धजेना.

अशात कोर्सच्या बाईंचा निरोप आला. "काका, तुमच्या वाचनाची सगळे अजून आठवण काढतात. कोर्सचा तुमचा अनुभव लिहून द्याल का? पानभर पुरे. आमच्या पानावर टाकू, आणि त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांनाही पाठवू."

मास्तर लिहायला बसले. "या कोर्सनं मला खूप काही दिलं. उतारवयात नवी पालवी फुटली. जिवाभावाची माणसं मिळाली." असं पानभर लिहून काढलं. सवयीचा हात, सरसर चालला. कुठे अडखळायला होत नव्हतं. बायकोला दाखवलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं.

"हे कोण गृहस्थ?" ती म्हणाली.

"मी."

"दिसत नाही कुठे."

मास्तर चिडले. "मग काय लिहू? वर्गासमोर स्वतःचे वाभाडे काढू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घालू देत की. त्या पोरीच्या तोंडी तुम्ही घातलेलं वाक्य त्यापेक्षा बरं होतं का?" ती बोलून गेली आणि मग तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिनं पाण्याचा पेला आणून समोर ठेवला. मास्तरांनी तो कागद फाडला. खूप वेळ रडले. साठीला आलेला माणूस स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून रडतो, तेव्हा बरं दिसत नाही. पण रडले.

मग त्यांनी दुसरा लिहिला. त्यात पालवी नव्हती. माझ्या जोडीतल्या लेखिकेनं मला तिचा मजकूर विश्वासानं दिला होता, असं लिहिलं. आहे तसं वाचा, असं तिनं सांगितलं होतं. मी तिला न विचारता त्यातली तिची वाक्यं काढली आणि माझं एक घातलं. "घरीही ते तसेच होते" हे वाक्य तिचं नाही, माझं आहे, आणि ते खोटं आहे. जी काढली ती खरी होती, आणि सगळा लेख तिनं त्या वाक्यांसाठीच लिहिला होता. तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्या माझ्या खोटेपणाला. मला त्याची शरम वाटते. कोर्सचा माझा अनुभव एवढाच आहे.

लिहिलं, आणि या खेपेला मात्र त्यांनी आधी ताईला फोन लावला. तिनं उचलला, हेच नशीब. मास्तरांनी सगळं वाचून दाखवलं. वाचताना आवाज बसवायला गेले नाहीत, नुसतं वाचलं, तेही धड जमलं नाही.

"ती वाक्यं काय होती ते लिहिलेलं नाही ना?" ताईनं विचारलं.

"नाही. ती तुझी आहेत."

"हं. आणि माझं नाव?"

"नाही. पण त्या दिवशी जे होते त्यांना कळेलच. नको असेल तर नाही पाठवत. तू म्हणशील तसं."

"पाठवा," ती म्हणाली.

पाठवल्यावर संध्याकाळीच बाईंचा फोन. बाई गोंधळून गेल्या होत्या. "काका, मला फार वाईट वाटलं हो वाचून. पण हे असं आपल्या पानावर... नवीन विद्यार्थी वाचतात. थोडं सौम्य करू या का? ते खोटेपणाचं आणि शरमेचं तेवढं काढलं, तर बाकी किती प्रांजळ आहे!"

हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर मास्तर मनात हसले असते. आता हसू आलं नाही. त्यांना बाईंचा रागही आला नाही, कारण बाईंच्या जागी ते असते तर त्यांनी फोनही केला नसता, सरळ काढून टाकलं असतं. ते म्हणाले, "बाई, टाकायचं तर आहे तसं टाका. नाहीतर टाकू नका. पण पाहुण्यांना पाठवा, एवढं करा माझ्यासाठी."

बाईंनी पानावर टाकलं नाही. पाठवलं मात्र सगळ्यांना. वर्गाच्या ग्रुपवर इतके दिवस काका काका चाललं होतं, ते एकदम शांत झालं. एकानं लिहिलं, "हे बरोबर केलं नाहीत." बाकीच्यांनी तेवढंही लिहिलं नाही. मास्तर फोन उघडायचे, ते वाक्य वाचायचे आणि फोन उपडा ठेवायचे. लेकीनं फोन करून विचारलं, "बाबा, खरंच असं केलंत तुम्ही?" लेकीला हो म्हणणं त्यांना सगळ्यात जड गेलं.

धाकटीचं काही कळत नव्हतं. तिनं वाचलं, की न वाचताच टाकून दिलं? ताईला विचारायचं तोंड नव्हतं. मास्तर रोज सकाळी ठरवायचे, आज विचारायचं, आणि रोज शेपूट घालायचे.

मग एका दुपारी स्टुडिओत असताना ताईचा फोन आला. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं. मास्तरांनी त्याला हातानं थांबायची खूण केली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"तिचा फोन आला होता," ताई म्हणाली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, एका म्हाताऱ्याचं काहीतरी आलंय मला. कुठली वाक्यं काढली त्यानं?"

"मग?"

"मग काय. माझं तोंड उघडेना. तिला म्हटलं, थांब, वाचते. मूळ प्रत काढली आणि वाचली." ताईचा आधीच बसलेला आवाज आणखी खाली गेला. "ती काही बोललीच नाही. मला वाटलं, ठेवला फोन. मग म्हणाली, परत वाच. मी परत वाचली. मग म्हणाली, शेवटचं तेवढं वाच. मी म्हटलं, 'मी बघितलंय.' म्हणाली, परत. काका, किती वेळा वाचायला लावलं तिनं मला. मी आपली वाचतेय आणि तिकडून नुसता श्वास ऐकू येतोय. मग एकदम लहान पोरीसारखी रडायला लागली. म्हणाली, मला वाटायला लागलं होतं गं, की मीच वेडी आहे."

मास्तर भिंतीला टेकले. त्यांनी डोळे मिटले. बाहेर मालक गिऱ्हाइकाशी काहीतरी बोलत होता.

ताईनं नाक ओढलं. मग तिला त्यांची दया आली असावी. ती म्हणाली, "एका परीनं बरंच झालं म्हणायचं, काका. तुम्ही वाचली असती तर तिनं ती तुमच्या तोंडून ऐकली असती, सगळ्यांच्या गर्दीत. आता माझ्या तोंडून ऐकली. म्हणजे तसं बघितलं, तर तुम्ही..."

"नको, ताई," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "तसं म्हणू नकोस. बरं नाही झालं. चुकलंच ते माझं."



"हो," ती म्हणाली. "चुकलंच." आणि तिनं फोन ठेवला.